मदत हवी आहे – शेजारच्या प्लॉटवर एसबी ९ (कॅलिफोर्निया राज्याचा घरबांधणीचा कायदा) मधे ४ घरं, आपल्याला काही बोलता येतं का?

नमस्कार मंडळी, बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) घर असलेल्यांना विचारतोय. आमच्या शेजारचं जुनं बैठं घर विकलं गेलं आणि आता कळतंय की नवीन मालक प्लॉटचे दोन भाग करून प्रत्येकावर डुप्लेक्स (दोन घरांची जोडी) बांधणार, म्हणजे एकाची ४ घरं. सिटीच्या प्लॅनिंग काउंटरवर गेलो तर तिथली बाई म्हणाली हा राज्याचा कायदा आहे, २०२२ पासून लागू, नियमात बसत असेल तर आम्हाला मंजूर करावंच लागतं, सुनावणी वगैरे नसते. मग सिटी कौन्सिल निवडून द्यायचं कशाला, सगळं राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोतच ठरवा की!

घरं हवीत हे मलाही पटतं हो, माझ्याच भाच्याला इथे भाडं परवडत नाही. पण कुंपणापासून फक्त ४ फुटांवर दुमजली भिंत येणार, आईने लावलेल्या कढीपत्त्याला ऊन कुठून मिळणार, आणि रस्त्यावर पार्किंगची आत्ताच बोंब आहे.

प्लॉट विभागताना मालकाला ३ वर्षं तिथेच राहायचा इरादा आहे असं लिहून द्यावं लागतं म्हणे, पण ते नंतर तपासतं कोण? आणि खिडक्या, ड्रेनेज याबद्दल सिटीचे स्वतःचे नियम लावून घेता येतात का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.