घाण्याचा धंदा बसला, खर्च पगारातून वजा होईल का?

तेलकट_माणूस
मदत हवी आहे, जरा लवकर. लाकडी घाणा टाकला होता, नाही चालला. साडेसहा लाख गेले. माझी नोकरी आहे, टीडीएस दणकून कापलाय. तोटा पगारातून वजा केला तर रिफंड किती येईल? सीए एवढ्याशा कामाचे पाच हजार मागतोय.

वाईकर
शून्य. धंद्याचा तोटा पगारातून वजा होत नाही, आयकर कायदा १९६१, कलम ७१(२ए). रिटर्न मुदतीत भरलंत तर आठ वर्षं पुढे ओढता येतो, तोही धंद्याच्याच नफ्यातून वजा करायला. पण मुळात धंदा उभा राहिला होता का? आणि साडेसहा लाखांत काय काय धरलंय?

कांदेपोहे७७
कलम ४४एडीत (ठोक अंदाजाने नफा धरायची सोय) टाकून द्या, हिशेबाची कटकटच नाही. माझ्या किराणा दुकानाचं तसंच भरतो.

वाईकर
अहो, तिथे उलाढालीच्या ८ टक्के (डिजिटल असेल तर ६) नफा धरतात. तोट्याने बुडालेल्या माणसाला नफा दाखवायला सांगताय!

कांदेपोहे७७
दहा वर्षं भरतोय, एक नोटीस नाही आली.

तेलकट_माणूस
उभा राहिला म्हणजे? जूनपासून गाळ्याचं भाडं, महिना १२ हजार. अनामत ७० हजार, त्यातले ३० मालकाने रंगाचे म्हणून कापले. घाणा २ लाख ४०. थ्री फेज मीटर यायला नोव्हेंबर उजाडला, तेव्हा ४० किलो शेंगदाणे घालून पाहिले. तेल गढूळ निघालं, चार दिवस पातेल्यांत निवळत ठेवलं. दोन लिटर समोरच्या काकूंनी विकत घेतलं, बाकी नातेवाइकांत वाटलं. जानेवारीत कुलूप. उरलेले पैसे बाटल्या, लेबलं, फर्निचर, पाटी.

सदाशिवपेठी
सिंगल फेजवाला घ्यायचा ना. आणि शेंगदाणा कशाला, करडई करायची.

वाईकर
करडई राहू द्या. धंदा उभा राहणं (चालवायला तयार होणं) वेगळं, प्रत्यक्ष सुरू होणं वेगळं. मुंबई हायकोर्टाचा १९५४चा वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सचा निकाल बघा. तुमचा उभा राहिला नोव्हेंबरात. तिथून पुढचं भाडं, वीज, माल खर्चात धरा, गिऱ्हाईक एकट्या काकू असल्या तरी. जून ते ऑक्टोबरचं भाडं अवघड आहे. घाणा भांडवली, म्हणजे पूर्ण किंमत खर्चात नाही, दरवर्षी झिजेपोटी ठरावीक टक्के (घसारा) धरायची; वापर १८० दिवसांहून कमी, म्हणून घसारा १५च्या निम्मा, साडेसात टक्के. परत आलेली अनामत खर्च नाहीच. रंगाच्या ३० हजारांवर दुरुस्ती म्हणून भांडता येईल, पावती आहे का? फॉर्म आयटीआर-३.

मीनल_ठाणे
जीएसटी नंबर घेतला होतात? रद्द केला नसेल तर लेट फी चढत असेल. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० (शेवटचा रिटर्न) सुद्धा भरावा लागतो.

तेलकट_माणूस
जीएसटी, शॉप अ‍ॅक्ट, फूड लायसन्स सगळं बायकोच्या नावावर आहे. त्याने काही फरक पडतो का?

वाईकर
हे आता सांगताय?! मग धंदा वहिनींचा, तोटाही वहिनींचा. तुमच्या रिटर्नमध्ये त्याचं काय काम?

मीनल_ठाणे
इतकं सरळ नाही. भांडवल यांनी भेट म्हणून दिलं असेल तर कलम ६४चं क्लबिंग येतं, म्हणजे बायकोचं ते उत्पन्न यांच्या उत्पन्नात धरतात, आणि त्यात तोटाही येतो. पैसे कोणाच्या खात्यातून गेले?

वाईकर
आला तरी पगारातून वजा होणार नाहीच. पहिल्याच उत्तरात लिहिलंय.

तेलकट_माणूस
अर्धे माझ्या, अर्धे सासऱ्यांच्या. जाऊ द्या, देतो त्या सीएला पाच हजार.

सदाशिवपेठी
सासरे रिटर्न भरतात का?

कोकणी_तेली
घाणा विकताय का? चिंचेचा आहे की बाभळीचा? मोटर किती एचपीची? फोटो टाका.