तळ्याकाठचं पार्क: आधी विचारायचं की आधी बांधायचं?

काठावरचा:
मंडळी, बेळगावच्या जवळचंच आमचं गाव, नाव मुद्दाम घालत नाही. आमच्या तळ्याकाठी पार्क होणार हे आम्हाला कळलं ते फीत घेऊन मापं घ्यायला माणसं आली तेव्हा. त्यांच्याकडचा नकाशा बघितला, वॉकिंग ट्रॅक, बोटिंग, फूड कोर्ट, पार्किंग आणि सगळ्या बाजूंनी जाळीचं कुंपण. बायका धुणं धुतात ते पाच दगड जिथं आहेत तिथं सेल्फी पॉइंट. म्हशी पाण्यात उतरतात ती उतरण नकाशात नाहीच! गणपती कुठल्या बाजूनं विसर्जनाला न्यायचा विचारलं तर त्यांना माहीतच नाही.

पार्क नको असं कुणीच म्हणत नाही ओ. माझं म्हणणं एवढंच की नकाशा काढायच्या आधी विचारा. १९६१ च्या कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायद्यात मास्टर प्लॅनच्या, म्हणजे कुठली जागा कशाला वापरायची त्या आराखड्याच्या, मसुद्यावर लोकांचं म्हणणं घ्यायला ६० दिवस दिलेत, आणि प्लॅनमधल्या जागेचा वापर बदलायचा असेल तर कलम १४-अ खाली पेपरात जाहिरात देऊन हरकतींना निदान १५ दिवस द्यावे लागतात. म्हणजे उद्यान म्हणून दाखवलेल्या जागेत दुकानं आणायची असतील तर आम्हाला विचारणं हा कुणाचा उपकार नव्हे.

रोज_चालणारा:
तुमचं मन कळतंय पण मला पटत नाही. हेच तळं वीस वर्षं जलपर्णीनं भरलेलं होतं, काठावर बाटल्या पडायच्या, सात वाजल्यानंतर आमच्या घरातल्या बायका तिकडून जात नव्हत्या, तेव्हा कोण हरकत घ्यायला आलं? आता कुठं पैसे मंजूर झालेत तर मीटिंगा घ्या म्हणता. एक मीटिंग, मग दुसरी, मग कुणीतरी कोर्टात जाणार आणि मार्च संपला की फंड परत. बेळगावच्या किल्ल्याजवळच्या कोटेकेरे तळ्यावर संध्याकाळी जाऊन बघा, म्हातारी माणसं बाकावर बसलेली असतात, पोरं खेळतात. आमच्या आईला तेवढंच पाहिजे.

आणि कुंपणाला नावं ठेवू नका. सुप्रीम कोर्टानं २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं, तो खटला तळ्याच्या जागेचाच होता. आपल्या तळ्याचा काठ दरवर्षी कोण किती आत सरकवतंय हे तुम्हालाही ठाऊक आहे.

सांडव्याखालचा:
माझी जमीन तळ्याचं जादा पाणी जातं त्या सांडव्याच्या खाली हाय, भात करतो. नकाशात सांडव्यावरनं ट्रॅक नेलाय आणि बोटिंगला बारा महिने पाणी पाहिजे म्हणून सांडवा उंच करूलालेत असं ऐकलं. इंजिनियर साहेबांनी तळं उन्हाळ्यात बघितलंय की, आषाढात नाही. २०१९ च्या ऑगस्टात पाणी कुठनं कुठं आलं ते मी गुडघाभर चिखलात उभा राहून बघितलंय, बांध फुटून रोप सगळं वाहून गेलं. सांडवा हातभर उंच केला तर तेवढं पाणी मागं शिवारात चढणार, आणि शेताला पाणी सोडायची मोरी बंद ठेवली तर आमचं भात वाळणार. हे मला विचारलं असतं तर पाच मिनिटांत सांगितलं असतं.

रोज_चालणारा:
सांडव्याचं बरोबर आहे, ते मला माहीत नव्हतं. पण ते इंजिनियरला सांगायचं काम आहे, त्यासाठी सगळं गाव बोलवायची काय गरज?

सांडव्याखालचा:
कुणाला सांगू? दोनदा ऑफिसात गेलो, दोन्ही वेळा साहेब साइटवर.

अर्ज_लिहिणारा:
यात अजून एक आहे, पार्कची नोटीस फक्त कन्नडमध्ये चिकटवली. कन्नडमध्ये असू दे, राज्याची भाषा आहे, पण आमच्या गल्लीतल्या आज्ज्यांना ती वाचता येत नाही, मग हरकतीचे दिवस त्यांच्यासाठी सुरूच झाले नाहीत. आपला अर्ज मात्र मराठीत देता येतो. घटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. ऑफिसच्या टपालात दिल्याचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

रोज_चालणारा:
हेच नको होतं मला. भाषेवर गेलं की पार्क गेलं. पलीकडच्या गल्लीतल्या कन्नड लोकांच्या म्हशीही त्याच उतरणीवर येतात, त्यांचीही सही घ्या ना.

अर्ज_लिहिणारा:
घेऊ की. दोन्ही भाषांत एकच अर्ज करू. ही गोष्ट तुम्ही बरोबर बोललात.

नोकरीला_बंगळुरात:
इथं सर्जापूर रोडला कैकोंड्रहळ्ळी तळं आहे, रहिवासी आणि महापालिका मिळून सुधारलेलं, फार चांगलं झालंय. पण अशा ठिकाणी पुढं कोण बोलतं बघा, ज्यांना ईमेल लिहिता येतो ते. म्हैसवाला, गवत कापणारी बाई मीटिंगला येत नाही. त्यामुळं ‘लोकांना विचारा’ म्हणताना कुठले लोक ते आधी ठरवा. रोपलावण चालू असताना सकाळी ११ ला हॉलमध्ये मीटिंग ठेवली तर रिटायर्ड माणसं सोडून कोण येणार? धुण्याच्या दगडांवर जाऊन विचारा, तिथं सगळ्या आपसूक भेटतात.

काठावरचा:
हे मनाला लागलं, कारण आम्ही पण आतापर्यंत पारावरच्या पुरुषांनाच विचारलं. काल संध्याकाळी बहिणीला घेऊन दगडांपाशी गेलो. एक काकी म्हणाल्या, पार्क करा, पण आम्हाला पाण्यापर्यंत जायला वाट ठेवा आणि संडास बांधा, दिवे लावा. फूड कोर्टाचं नाव कुणीही काढलं नाही. रविवारी सकाळी देवळात कच्चा अर्ज घेऊन बसतोय, उतरण, दगड, विसर्जनाची वाट आणि सांडवा, एवढे चार मुद्दे, दोन्ही भाषांत.

रोज_चालणारा:
काम थांबवा असं त्यात असेल तर मी सही करणार नाही, आत्ताच सांगतो. सांडव्याचा कागद वेगळा करा, त्यावर पहिली सही माझी. आणि दिव्यांचं पण लिहा.