शब्दचर्चा : क्रॉलरच्या ‘फ्लेक्स’ला काय म्हणावं, आणि तो किती असावा?

प्रश्न, परभणीहून

रिमोटवर चालणाऱ्या रॉक क्रॉलरबद्दल, म्हणजे दगडाधोंड्यांवर चढणाऱ्या छोट्या गाड्यांबद्दल, नवख्या पोरांसाठी मराठीत चार पानं लिहायला घेतलीत. १:१० मापाच्या गाड्या, पुढं-मागं सरळ आख, आखाला चासीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, जोडणाऱ्या चार-चार लिंक (दांड्या), धक्के झेलणारे तेलाचे शॉक. बाकी सगळं मराठीत नीट बसलं, ‘सस्पेन्शन फ्लेक्स’पाशी, म्हणजे खडबडीत जागी चाकं वर-खाली होऊन जमीन धरतात त्यापाशी, गाडं अडलं. ‘लवचिकता’ लिहिलं तर वाचणारा थेट मऊ स्प्रिंग शोधायला लागतो. आमच्या इथं नेमकं तेच चाललंय. जितका फ्लेक्स जास्त तितकी गाडी भारी, असं धरून पोरं स्प्रिंगा मऊ करत जातात. मग विहिरीच्या कडेला टाकलेल्या डबरावर गाडी आडवी घातली की ती सरळ कलंडते. शब्द सुचवा. आणि ‘एवढा ठेवा’ म्हणून काय लिहू, तेही सांगा.

नांदेडहून

‘लवचिकता’ रूढ शब्द आहे. शाळेच्या पुस्तकापासून योगवर्गापर्यंत सगळीकडं चालतो. नवा घडवून पोरांना कशाला गोंधळात पाडायचं?

छत्रपती संभाजीनगरहून

दादा, रूढ आहे हे खरं, पण इथं तो चुकीच्या जागी नेतो. ‘लवणे’ म्हणजे वाकणे. लवचिक वस्तू स्वतः वाकते आणि सोडली की पुन्हा सरळ होते. वेताची छडी लवचिक. क्रॉलरमध्ये आख वाकत नाही, चासी वाकत नाही, आणि लिंक वाकली तर ती बदलावी लागते. होतं एवढंच की दगडावर एक चाक वर जातं, त्याच आखाचं दुसरं चाक खाली राहतं, आणि आख चासीच्या मानानं तिरपा होतो. याला आपल्याकडं ‘कलणं’ म्हणतात. भिंत कलते, मांडवाचा खांब कलतो. म्हणून मी ‘आखाचा कल’ सुचवतो. लिहिताना नुसतं ‘कल’ म्हटलं तरी भागेल.

मऊपणा आणि कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पोरांना पटवायचं असेल तर शेतात उभा असलेला ट्रॅक्टर दाखवा. बहुतेक ट्रॅक्टरचा पुढचा आख मधोमध एका जाड पिनेवर टांगलेला असतो. तिथं स्प्रिंग नावाला नाही. तरी बांध ओलांडताना पुढचं एक चाक बांधावर चढतं, दुसरं सरीत राहतं, आख चांगलाच कलतो आणि चारही चाकं जमीन धरून असतात. खाली वाकून पाहिलं तर पिनेच्या दोन्ही अंगांना अटकाव दिसेल. आख एका हद्दीपर्यंत कलतो, पुढं ठोकर बसते. म्हणजे मऊपणा शून्य, कल भरपूर, आणि त्या कलाला मर्यादा.

आणखी एक गोष्ट तिथंच दिसते. ट्रॅक्टरचं धड मागच्या आखाला घट्ट जोडलेलं असतं, म्हणून धडाचा तोल मागची चाकं सांभाळतात आणि पुढचा आख मोकळेपणानं जमिनीच्या मागं जातो. क्रॉलरला हेच लागू करा. मागच्या स्प्रिंगा पुढच्यापेक्षा जराशा कडक ठेवल्या की चासी मागच्या आखाबरोबर राहते आणि पुढचा आख दगड चाचपत जातो. दोन्हीकडं सारखाच मऊपणा ठेवला तर चासीला टेकायला कुणीच उरत नाही, ती मधल्यामध्ये हेलकावत राहते.

आता गाडी कलंडते का? स्प्रिंगला कळत नसतं की आपल्यावर आख कलतोय की चासी. दगडावर आखाला कलू देणारी मऊ स्प्रिंग आडव्या उतारावर चासीलाही तितकीच कलू देते. आडव्या उतारावर वजन खालच्या बाजूच्या चाकांवर जातं, खालच्या स्प्रिंगा दबतात, वरच्या पसरतात, चासी उताराकडं आणखी झुकते आणि वजन आणखी खाली सरकतं. वर कडक प्लॅस्टिकची बॉडी, टपावर कॅरियर, कॅरियरवर डबे आणि स्टेपनी, मग काय विचारता. कलणं हवंय ते आखाचं. चासी कलली की पुढची पायरी कलंडण्याची.

किती ठेवावा याबद्दल माझं मत ठाम आहे : लोक ठेवतात त्यापेक्षा कमी. डिफरेन्शियल म्हणजे आखाच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी दातऱ्यांची पेटी. साध्या डिफरेन्शियलच्या गाडीत एक चाक हवेत गेलं की तेच गरगरतं आणि गाडी जागेवर थांबते, तिथं प्रत्येक चाक टेकलेलं असणं जिवाभावाचं. क्रॉलरचे डिफरेन्शियल बहुधा लॉक केलेले असतात, एका आखाची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. एक चाक घटकाभर सुटलं तरी उरलेली तीन गाडीला ओढून नेतात. पोरं ज्या कारणासाठी कल वाढवत बसतात ते कारण लॉकनं आधीच निम्मं मिटवलेलं असतं.

मोजायचं असेल तर गाडी सपाट फरशीवर ठेवा. पुढच्या एका चाकाखाली फळीवर फळी चढवत जा. उरलेल्या तिन्हींपैकी कुठलंही चाक सुटलं की थांबा आणि फळ्यांची उंची मोजा. ती टायरच्या उंचीच्या पाऊणपट ते एकपट आली तर बस झालं. १.९ इंची रिमवरचा टायर साधारण ११० ते १२० मिलिमीटर उंच असतो, त्यावरून हिशेब करा. टायरपेक्षा उंच दगडावर एकेक चाक घालून जायची वेळ फार कमी येते. तो दगड समोरून दोन्ही चाकांनी घ्यायचा, नाहीतर वळसा घालायचा.

लातूरहून

वरच्या उत्तराला जोड. मोठ्या फोर-बाय-फोर गाड्यांसाठी याचा एक ठरलेला आकडा काढतात. साधारण २० अंशांच्या रॅम्पवर पुढचं एकच चाक चढवायचं, कुठलं तरी चाक सुटेपर्यंत. रॅम्पवर जेवढं अंतर कापलं त्याला व्हीलबेसनं, म्हणजे पुढच्या-मागच्या आखांमधल्या अंतरानं, भागायचं आणि १००० नं गुणायचं. १:१० च्या पुष्कळ क्रॉलरचा व्हीलबेस ३१३ मिलिमीटर असतो. अशी गाडी २५० मिलिमीटर चढली तर आकडा येतो ७९९. चाक तेव्हा जमिनीपासून साधारण ८५ मिलिमीटर वर असतं, म्हणजे वर सांगितलेल्या पाऊणपटीच्या आसपासच.

पण हा आकडा पोरांच्या पानांत मोठ्या अक्षरांत देऊ नका. उभ्या गाडीचं ते माप आहे. स्प्रिंगा मऊ केल्या की आकडा वाढतो, खडकावरचं चालणं सुधारतंच असं नाही, आणि पोरं आकड्याच्या मागं लागतात.

तेवढी एक गोष्ट मात्र जरूर लिहा : शॉकवरची कॉलर (स्प्रिंग दाबून धरणारी कडी) आवळली की गाडी उंच होते, स्प्रिंग कडक होत नाही. कडकपणा हवा असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते.

परभणीहून

‘कल’ पटला. आता ‘ट्रॅव्हल’ला ‘चाल’ म्हणतो, शॉकची चाल. पण चाल दोन दिशांची असते. गाडी उभी असताना शॉक थोडा दबलेला असतो, तिथून वर किती जातो आणि खाली किती लोंबतो हे वेगवेगळं सांगावं लागतं. खालच्या चालीला ‘लोंब’ म्हणावं का?

बीडहून

‘लोंब’ नको भाऊ, आमच्याकडं लोंब म्हटलं की गव्हाची लोंबी डोळ्यापुढं येते. ‘दबती चाल’ आणि ‘उतरती चाल’ म्हणा, ऐकणाऱ्याला विचारावं लागत नाही.

आणि दोन्हींचं काम वेगळं आहे हे त्यांना नीट समजावा. दबती चाल कमी केली की गाडी बसकी राहते, आडव्या उतारावर कमी झुकते. उतरत्या चालीमुळं चाक खड्ड्यात हात घातल्यासारखं खाली पोचतं, ती ठेवावी. पण पुढच्या आखाला ती बेसुमार दिली तर उभ्या चढावर घात करते. चढावर वजन मागं जातं, पुढच्या स्प्रिंगा मोकळ्या होऊन नाक वर उचलतात, वजन आणखी मागं जातं आणि गाडी पाठीवर येते. बालाघाटातल्या काळ्या पायऱ्यापायऱ्यांच्या दगडावर हे हमखास बघायला मिळतं, कारण तिथं चढ एकदम उभा येतो. मोठ्या रॉक क्रॉलरमध्ये यासाठी विंच (दोर गुंडाळून खेचणारं यंत्र) लावून पुढचा आख चासीकडं खेचून धरतात, नाहीतर पट्टा बांधतात. आपल्या लहान गाडीत शॉकच्या आत, पिस्टनखाली, दांड्यावर नळीचा बारका तुकडा घातला तरी उतरती चाल आटोपते. किंवा आख आणि चासीमध्ये मजबूत दोरा बांधायचा.

त्या पट्ट्याला, दोऱ्याला मी ‘दावं’ म्हणते. जनावर दाव्याला असतं तेव्हा दाव्याच्या लांबीपर्यंत मोकळं फिरतं, पुढं नाही. या पट्ट्याचं कामही तेवढंच.

जालन्याहून

एक भेद राहिला. थ्रॉटल दिला, म्हणजे मोटरचा जोर वाढवला, की काही गाड्यांची चासी एका अंगाला उचलते, दगड नसतानाही. गाडी भिंतीला टेकवून थ्रॉटल दिला तर साफ दिसतं. हा कल नव्हे. मोटरची फिरकी आखापर्यंत नेणाऱ्या दांड्याची, ड्राइव्हशाफ्टची, ती उलट ओढ आहे, स्प्रिंगा मऊ असल्या की जास्त जाणवते. आम्ही तिला ‘पीळ’ म्हणतो : ‘गाडी पीळ खाते’. कल बेताचा असूनही गाडी चढावर नेहमी एकाच बाजूला पडत असेल तर पीळ बघा.

शिवाय कल वाढवला की आख पूर्ण कलवून चाक बॉडीला घासतं का, ड्राइव्हशाफ्टचा सांधा अडतो का, हे हातानं फिरवून पाहायला सांगा. सांधा अडला की पुढचा थ्रॉटल तो मोडतो.

परभणीहून

सगळ्यांचे आभार. पान असं झालंय : ‘आखाचा कल टायरच्या उंचीच्या पाऊणपट ते एकपट असावा. दबती चाल थोडी, उतरती चाल जास्त. पुढच्या आखाची उतरती चाल उभ्या चढावर नाक उचलत असेल तर दावं बांधा. मागच्या स्प्रिंगा पुढच्यापेक्षा जराशा कडक. गाडी पीळ खाते का तेही बघा.’ ‘लवचिकता’ कुठंच ठेवली नाही.

‘दबती’वर अजून कुणाचं काही असेल तर सांगा. आमची पोरं बोलताना ‘दाबती चाल’ म्हणतात, आणि तेच त्यांच्या तोंडी बसलंय.