पंधरा दिवस पोटात अन्न नाही, तर ग्लुकोजआधी बी-१ जीवनसत्त्व का नाही?

कोथरूडची पुतणी: काकांचं आतड्याचं ऑपरेशन इथेच पुण्यात झालं. नंतर अठरा दिवस नुसत्या उलट्या आणि ग्लुकोजच्या सलाईनी. पायाला बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. एकोणिसाव्या दिवशी पहाटे धाप लागली, बीपी कोसळलं, लॅक्टेट (पेशींना ऊर्जा नीट मिळेना की रक्तात साचणारं आम्ल) चढत गेलं. सगळे जंतुसंसर्ग शोधत होते. रात्रपाळीच्या शिकाऊ डॉक्टर ताईंनी मला विचारलं, "यांना नीट जेवून किती दिवस झाले?" आणि थायमिन, म्हणजे बी-१, शिरेतून दिलं. दुपारपर्यंत लॅक्टेट उतरायला लागलं. हा बेरीबेरीचा, म्हणजे बी-१ कमी पडून होणाऱ्या आजाराचा, सगळ्यात घातक प्रकार, शोशिन.

शरीरात बी-१ चा साठा जेमतेम २५-३० मिलिग्रॅम, दोन-तीन आठवड्यांत संपतो. ग्लुकोज वापरायला तेच लागतं, म्हणजे सलाईन उरलंसुरलंही खाते. इतकं स्वस्त इंजेक्शन अशा प्रत्येक रुग्णाला आधीच का देत नाहीत?

आयसीयूतला एक: काका वाचले, फार बरं वाटलं. पण एका अनुभवावरून सरसकट नियम नको. लॅक्टेट चढलेल्या बहुतेकांना जंतुसंसर्ग किंवा दुसरंच काही गंभीर कारण असतं. उद्या 'बी-१ देऊन बघू' म्हणत कोणी अँटिबायोटिक लांबवलं तर माणूस जाईल. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने बीपी कोसळतं तेव्हा, सगळ्यांनाच थायमिन देऊन पाहिलं होतं. २०१६ च्या त्या अमेरिकी चाचणीत एकूण रुग्णांत लॅक्टेटला फरक पडला नाही.

कोथरूडची पुतणी: त्याच चाचणीत ज्यांचं बी-१ मुळात कमी होतं, त्यांचं लॅक्टेट उतरलं होतं, डॉक्टर. आणि अँटिबायोटिक थांबवा असं मी कुठे म्हणतेय? दोन्ही द्या. बी-१ चा रिपोर्ट यायला दिवस जातात, काकांकडे तास होते.

मावळातला: आमच्याकडे तर बी-१२ सगळे तपासतात. वडिलांचं चांगलं आलं. मग काळजी नाही ना?

सिस्टर, वॉर्ड: दादा, बी-१२ वेगळं, बी-१ वेगळं. एक भरपूर असलं म्हणून दुसरं असेलच असं नाही. नातेवाईक पिवळी सलाईन बघूनही निर्धास्त होतात. तो पिवळा रंग बी-२ चा. त्यातल्या बी-१ वर एवढी मोठी तूट भरत नाही. लघवीच्या गोळ्या चालू असलेले हृदयाचे पेशंट, दारू पिणारे, उलट्या होणाऱ्या गरोदर बायका, यांचं बी-१ आणखी लवकर संपतं. वडील जेवतात का, ते बघा.

मावळातला: जेवतात. इंद्रायणीचा भात, तांदूळ पाच पाण्यांनी धुऊन, वरची पेज काढून टाकलेली. म्हणजे बी-१ पाण्यातच जात असणार. उद्यापासून पेज टाकू देणार नाही.

आयसीयूतला एक: पंधरा दिवस उपाशी आणि धाप लागलेली, एवढ्यांपुरतं मला मान्य आहे. त्यांना ग्लुकोजच्या आधी, शिरेतूनच. गोळी उलटीत जाते. शिरेतून दिल्यावर क्वचित जोराची ॲलर्जी येते, म्हणून सावकाश आणि लक्ष ठेवून. मात्र भरती होणाऱ्या प्रत्येकाला द्यायला माझा विरोध कायम आहे. नेमकं कोणाला द्यायचं, हे जागेवर कळायला हवं.

सिस्टर, वॉर्ड: कळेल कसं, सर? केसपेपरवर 'एनबीएम', म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, एवढंच लिहिलेलं असतं. कितव्या दिवसापासून, ते कोणी लिहीत नाही.