मदत हवी आहे: रिस्पॉन्सिबल टुरिझमच्या अवॉर्डला बचत गट अर्ज करू शकतो का?

नमस्कार मंडळी, ऐरोलीहून लिहितोय. आमच्या कोळीवाड्यातल्या बायकांचा बचत गट फ्लेमिंगोच्या सीझनला येणाऱ्यांना जेवण देतो, कालवं, निवट्या, तांदळाची भाकरी, आणि पोरं होडीतून खाडी दाखवतात, त्याच पैशातून कांदळवनातलं प्लास्टिक काढायचं काम चालतं. ठाणे खाडी 2022 ला रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाली, तर हे काम बाहेर दिसावं असं मनापासून वाटतं.

युएन टुरिझमचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेचं, बेस्ट टुरिझम व्हिलेज बघितलं, 2021 ला तेलंगणातलं पोचमपल्ली त्यात निवडलं होतं, पण वस्ती 15,000 च्या आत लागते, नाव सरकारमार्फत जातं आणि आम्ही पडलो महापालिकेच्या हद्दीत, म्हणजे ते बाद. आता लंडनच्या वर्ल्ड ट्रॅव्हल मार्केट या पर्यटन मेळ्यातले रिस्पॉन्सिबल टुरिझम (जबाबदार पर्यटन) अवॉर्ड्स डोक्यात आहेत, केरळ सरकारच्या रिस्पॉन्सिबल टुरिझम मिशनला मिळालेत ते. एका एजंटने फॉर्म भरायचे पैसे मागितले, गटाला ते परवडणारे नाहीत.

गट रजिस्टर आहे, बँकेत खातं आहे, वेबसाइट आणि ऑडिट नाही. काढलेल्या प्लास्टिकचं वजन दोन वर्षं वहीत तारखेनिशी लिहिलंय, फोटो आहेत. कोणी असा फॉर्म स्वतः भरलाय का, आणि पुरावा म्हणून ही वही चालते की बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यावीच लागते?