अनुभव धागा : ‘द क्लॅश’ तुमच्यापर्यंत कसा पोहोचला?

लंडनमध्ये १९७६ साली जो स्ट्रमर, मिक जोन्स आणि पॉल सिमनन यांनी उभा केलेला हा पंक, म्हणजे रांगड्या, बंडखोर रॉक संगीताचा, बँड जेमतेम दहा वर्षे टिकला, तरी तो आजही नव्याने ऐकला जातो. त्याचे कारण मला त्यांच्या संगीताइतकेच त्यांच्या वागण्यात दिसते, कारण ऐकणाऱ्याला त्यांनी कधी नुसते गिऱ्हाईक मानले नाही. ‘लंडन कॉलिंग’ हा १९७९ सालचा दोन तबकड्यांचा अल्बम एका तबकडीच्या किमतीत विकला जावा म्हणून ते कंपनीशी भांडले, आणि पुढच्याच वर्षी ‘सँडिनिस्टा!’च्या तीन तबकड्या स्वस्तात देता याव्यात यासाठी त्यांनी स्वतःच्या रॉयल्टीवर पाणी सोडले.

मला हा बँड १९९२ साली पुण्यात, एका मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर भेटला. त्याच्या मामाने आणलेल्या ‘लंडन कॉलिंग’च्या वेष्टनावर १८ गाण्यांची नावे होती, त्यामुळे अठरावे संपताच त्याने टेप बंद केला. एकोणिसावे गाणे वेष्टन छापून झाल्यावर ऐनवेळी घेतले गेले होते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. सात वर्षांनी सीडी विकत घेतली, अठरावे गाणे संपल्यावर ती बंद करायला उठलो आणि ‘ट्रेन इन व्हेन’ तसेच उभ्याने ऐकले.

तुमचे अनुभव सविस्तर लिहा.

ठाणे (पूर्वी पूर्व लंडन)

वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही दादरहून पूर्व लंडनमध्ये राहायला गेलो, आणि १९७८ साली मी सोळा वर्षांचा होतो. संध्याकाळी दूध आणायला जायचे असले तरी कोणत्या गल्लीतून जायचे नाही हे आई बजावून सांगत असे, कारण नॅशनल फ्रंट या स्थलांतरितविरोधी, वर्णद्वेषी पक्षाची पोरे कोपऱ्यावर टोळक्याने उभी असत. ३० एप्रिलला ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ या वर्णद्वेषविरोधी संगीत चळवळीचा मोर्चा ट्रॅफल्गर चौकातून व्हिक्टोरिया पार्कला आला, तेव्हा मी घरी न सांगता तिथे गेलो. हजारोंच्या त्या गर्दीत मी इतका मागे होतो, की क्लॅश मंचावर आल्यावर शब्द धड कळत नव्हते. शेजारी एक गोरी मुलगी उभी होती. तिने पिशवीतून मोर्चाचा एक बिल्ला काढला आणि काही न विचारता माझ्या शर्टाला लावला.

चारच दिवसांनी, ४ मे रोजी, अल्ताब अली या बांगलादेशी कामगाराचा व्हाइटचॅपलमध्ये भोसकून खून झाला. त्या आठवड्यात बिल्ला लावून शाळेत जाताना छातीत धडधडत असे, पण मी तो काढला नाही. त्याची टाचणी आता गंजली आहे, आणि तो अजून माझ्या कपाटात आहे.

नाशिक

सिमनन बँडमध्ये आला तेव्हा त्याला बेस गिटार वाजवता येत नव्हती. दांडीवर सुरांची अक्षरे रंगवून घेऊन तो शिकला. हे वाचल्यावर मीही माझ्या बेसच्या दांडीवर चिकटपट्टीचे तुकडे लावले. माझी आई पेटी शिकवते, म्हणून त्यांवर ‘पांढरी चार’, ‘काळी दोन’ असे लिहिले. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की पांढरी तीन, हे आईनेच पेटीवर ताडून पाहिले. सिमननने स्वतः लिहिलेले ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’ बसवताना मला रेगे या जमैकन संगीतातली रिकामी जागा कळली. कुठे वाजवायचे नाही हे आधी शिकावे लागले, आणि त्याला मला तीन महिने लागले.

एडिसन, न्यू जर्सी

ऐकणाऱ्याला नुसते गिऱ्हाईक न मानण्याचा मुद्दा मी डोळ्यांनी पाहिला आहे. १९८१ साली मी न्यू यॉर्कमध्ये शिकत होतो आणि टाइम्स स्क्वेअरजवळच्या ‘बॉन्ड्स’ या क्लबमधल्या क्लॅशच्या कार्यक्रमाचे तिकीट मी जेवणाचे पैसे वाचवून काढले होते. क्षमतेपेक्षा फार जास्त तिकिटे विकली गेल्याचे उघड झाले आणि अग्निशमन खात्याने गर्दीवर मर्यादा घातली. ठरलेले कार्यक्रम आठ होते. तिकीट घेतलेल्या प्रत्येकाला आत येता यावे म्हणून क्लॅशने एकूण १७ केले. माझे तिकीट फुकट गेले नाही.

मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांनी मानाने बोलावलेल्या ग्रँडमास्टर फ्लॅश या हिप-हॉप डीजेची आणि त्याच्या रॅपर साथीदारांची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि त्यांच्यावर कागदी पेले फेकले. रॅप त्या गोऱ्या पोरांच्या कानांना नवे होते, पण क्लॅशचे कान आमच्या कितीतरी पुढे उघडलेले होते. मी पेला फेकला नाही, पण शेजाऱ्याचा हातही धरला नाही, आणि याची खंत मला अजून आहे.

बोरिवली, मुंबई

‘स्लमडॉग मिलिओनेअर’ चित्रपटातले एम.आय.ए. या गायिकेचे ‘पेपर प्लेन्स’ हे गाणे ज्या सुरावटीवर उभे आहे, ती क्लॅशच्या १९८२ सालच्या ‘स्ट्रेट टू हेल’मधून घेतली आहे. मूळ गाणे नकोशा झालेल्या स्थलांतरितांविषयी आहे. हे कळल्यावर मी दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली आणि त्या रात्री दुसरे काही ऐकवले नाही.

अ‍ॅक्टन, पश्चिम लंडन

१५ नोव्हेंबर २००२ रोजी आमच्या इथल्या टाउन हॉलमध्ये जो स्ट्रमर संपावर असलेल्या अग्निशमन कर्मचाऱ्यांसाठी गायला होता. माझ्या नवऱ्याचे दोन मित्र त्या संपात होते, म्हणून आम्ही गेलो. क्लॅशची मला तोवर फारशी ओळख नव्हती. कार्यक्रम रंगात असताना श्रोत्यांतून एक सडपातळ माणूस उठून मंचावर चढला आणि त्याने गिटार हाती घेतली. आजूबाजूची मोठमोठी माणसे एकदम ओरडू लागली, तेव्हा तो मिक जोन्स आहे हे नवऱ्याने मला कानात सांगितले. १९८३ साली त्याला बँडमधून काढल्यानंतर ते दोघे मंचावर प्रथमच एकत्र वाजवत होते. पाच आठवड्यांनी, २२ डिसेंबरला, स्ट्रमर गेला. तो पन्नास वर्षांचा होता. ते दोघे एकमेकांकडे पाहून हसत होते, आणि त्या क्षणी मी पाहत होते ते जोन्सच्या गिटारच्या पट्ट्याकडे, जो घाईत उलटा अडकवला गेला होता.