लॅटिनो वारसा महिना आणि आपलं मराठी मंडळ: सोंब्रेरो घालून फोटो, की आणखी काही?

रारिटनकाठ

मी मध्य न्यू जर्सीत राहते. इथे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा हिस्पॅनिक (लॅटिनो) वारसा महिना पाळतात. १९६८ मध्ये तो आठवडा म्हणून सुरू झाला, १९८८ मध्ये महिना झाला. ग्वातेमाला, एल साल्वादोर, होन्डुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांचा १५ सप्टेंबर हा स्वातंत्र्यदिन. दुसऱ्या दिवशी मेक्सिकोचा. यंदा गावच्या लायब्ररीने सगळ्या मंडळांना विचारलं, तुम्ही काय करणार? आमच्या कमिटीने दहा मिनिटांत उरकलं: एका शनिवारी टाको, मुलांना फोडायला खाऊ भरलेला पिन्याता, आणि सोंब्रेरो (मोठी मेक्सिकन टोपी) घालून फोटो काढायला एक कोपरा.

मी विरोध केला आणि एकटी पडले, म्हणून इथे लिहितेय.

आमच्यापासून पंधरा मिनिटांवर न्यू ब्रन्सविक आहे. तिथले बरेच मेक्सिकन लोक वाहाका राज्यातून आलेले आहेत. झापोतेक, मिश्तेक अशा सोळा मूळ जमाती त्या एका राज्यात आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या भाषा आहेत. कित्येकांना स्पॅनिश ही शाळेत शिकलेली परकी भाषा. मारियाची (मेक्सिकन लोकसंगीत) वादकांचा तो मोठा सोंब्रेरो यांच्या गावचा नव्हेच. आपल्याला कुणी ‘इंडियन’ म्हणून भांगड्याचा फेटा बांधायला लावला तर जसं वाटेल, तसंच हे.

आणि आपला गणपती ज्या हॉलमध्ये बसतो, तिथलं निर्माल्य, सांडलेलं पंचामृत, गुलाल हे सगळं रात्री अकरानंतर कोण आवरतं? वाहाकाच्याच दोन बायका. इतकी वर्षं त्या आपला उत्सव बघताहेत. त्यांच्या उत्सवाचं नाव आपल्यापैकी कुणाला माहीत आहे का?

माझं म्हणणं असं: जेवण त्यांच्याकडून, ते सांगतील त्या किमतीला घ्यावं. स्टेजवर त्यांचा बँड यावा, आणि त्याला बिदागी द्यावी. नोव्हेंबरात लायब्ररीत मेक्सिकन परंपरेतल्या मृतांच्या दिवसाची वेदी मांडतात, तिला झेंडू आपण द्यावा. तुम्हाला काय वाटतं?

आधी_घरचं

मी त्या बैठकीत होतो. मंडळाचा हिशेब मीच बघतो, म्हणून आडून न बोलता लिहितो. आमच्या रविवारच्या मराठी शाळेला गेल्या वर्षी तीन शिक्षक कमी पडले. दुसरीतली मुलं आजीशी फोनवर चार वाक्यं बोलू शकत नाहीत. मंडळ काढलं ते या कामासाठी, आणि लोक वर्गणी देतात तीही यासाठीच. शेजाऱ्यांबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. पण वारसा ज्याचा त्यानेच जपायचा असतो, दुसऱ्याने जपून तो टिकत नाही. एक संध्याकाळ टाको खाल्ले, मुलं पिन्यात्यावर काठ्या मारून खूश झाली, लायब्ररीशी संबंध राहिले. आपल्याला एवढंच झेपतं. त्यात अपमान कुणाचा होतो, ते मला खरंच कळलेलं नाही.

मूळचा_वर्धेकर

मेक्सिको आपल्याला परका आहे असं धरून दोघं बोलताय. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे आठवा. गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांमुळे मायदेश बंद झाला, तेव्हा १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवलं, मक्याच्या जातींवर काम केलं, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराने तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरच्या चित्रात त्यांना रंगवलं. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. १९६७ साली ते नागपुरात वारले आणि आपण त्यांना विसरून गेलो.

मंडळाने खानखोज्यांवर प्रदर्शन लावावं. मराठीही झालं, मेक्सिकोही झालं. आधी_घरचं काकांची तक्रारही राहणार नाही.

फळा_खडू

वर्धेकर, खानखोजे मला प्रिय आहेत. पण या महिन्यात ते प्रदर्शन नको. महिना त्यांचा, आणि आपण त्यात आपला माणूस शोधून त्याला हार घालायचा? ती माहिती आपल्या शाळेत, आपल्या मुलांना द्या. जानेवारीत, त्यांच्या पुण्यतिथीला.

मी कॅलिफोर्नियात चौथीला शिकवते. बहुतेक मुलांना (आणि पालकांना) ५ मे हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन वाटतो. तो १८६२ मध्ये पुएब्लाला फ्रेंच सैन्याला हरवल्याचा दिवस आहे. ही चूक दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात. मेंडेझ खटला सांगायला मात्र मी दोन तास घेते. ऑरेंज काउंटीत मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेत घालत. गोन्सालो आणि फेलिसितास मेंडेझ या शेती करणाऱ्या जोडप्याने आपल्या मुलांसाठी, आणखी चार कुटुंबांना बरोबर घेऊन, कोर्टात धाव घेतली. १९४७ मध्ये अपिलातही ते जिंकले. काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत घालणं बेकायदा ठरवणारा तो गाजलेला ब्राऊन निकाल यायला अजून सात वर्षं होती. १९४७ मध्येच कॅलिफोर्नियाने आशियाई मुलांना वेगळं बसवण्याची मुभा देणारी कलमंही काढून टाकली. आज आपली मुलं ज्या वर्गात बसतात, त्याचं दार उघडणाऱ्यांत हे जोडपं आहे. वारसा ज्याचा त्याने जपायचा असं काकांना वाटतं, पण हा वारसा आपणही रोज वापरतोय.

द्राक्षपंढरी

निफाडहून लिहितो. अमेरिकेत कधी राहिलो नाही, तरी या विषयात माझं एक देणं आहे.

कॅलिफोर्नियातल्या डेलॅनोला ८ सप्टेंबर १९६५ रोजी फिलिपिनो मजुरांनी द्राक्षबागांमध्ये संप केला. आठ दिवसांनी मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले, तारीख मुद्दाम १६ सप्टेंबर, मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन. पाच वर्षं ते लढले. देशभर लोकांनी द्राक्षं घेणं बंद केलं, तेव्हा १९७० मध्ये करार झाले. डोलोरेस वेर्ता या बाईंनी तो बहिष्कार उभा केला. आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर कमरेत वाकून काम करायला लावत, तिच्यावर कॅलिफोर्नियात १९७५ साली बंदी आली.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नाही. आमच्या बागेत छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून माणसं येतात. आमच्या घरात हिशेब मालकाच्या बाजूनेच ऐकत मोठा झालो. पुढच्या हंगामात वडिलांशी भांडून मी मजुरांसाठी सावलीची शेड आणि पाण्याची सोय केली. म्हणून सांगतो, नाचगाणं जरूर करा, पण मजुरीचा इतिहास वगळून लॅटिनो वारसा सांगू नका. न्यू जर्सीतल्या गोदामांत पॅकिंग कोण करतं?

फळा_खडू

मूळचं काम फिलिपिनो मजुरांनी सुरू केलं हे तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल आभार. ते नेहमी गळतं.

काळजी_वाटते

सगळे मोठं मोठं बोलताय, मी भीतीचं बोलते. सध्याचे दिवस बघा. ज्यांची कागदपत्रं पूर्ण नाहीत अशा माणसांना आपण स्टेजवर बोलवायचं, पोस्टरवर नावं छापायची, फोटो टाकायचे? कागदपत्रं असलेलेही हल्ली गर्दीत जायला कचरतात. उद्या कुणाला काही झालं तर मंडळ काय करणार आहे? आणि आपल्यातही अर्धे लोक व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. त्यांना मोर्चासारखं काही नको असतं. याला भित्रेपणा म्हणायचं तर म्हणा. मी टाकोच्या शनिवारच्या बाजूने आहे, कारण त्यात कुणाचंच नुकसान नाही.

माडाच्या_सावलीत

मडगावहून, फक्त झेंडूपुरतं. झेंडू मूळ मेक्सिकोचा. आमच्याकडे त्याला रोजां म्हणतात, दसऱ्याला दारावर आणि गाड्यांवर तोच. तिकडे मृतांच्या वाटेवर पाकळ्या अंथरतात, वासावरून जीव घरी येतात अशी श्रद्धा. २ नोव्हेंबरला इथे गोव्यातही कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या असतात. ताई, फुलं जरूर द्या. पण त्या वेदीवर घरच्या मृतांचे फोटो असतात, ती सजावट नव्हे. मुलांच्या तोंडावर कवट्या रंगवून तिथे पळापळ नको. पितृपक्षात वाढलेल्या पानाजवळ आपण खेळू देत नाही, तसंच समजा.

रारिटनकाठ

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण काळजी_वाटते यांचा मुद्दा मनात रुतला. मी इथे सूचना मांडत होते, पण ज्यांच्यासाठी म्हणून मांडत होते त्यांना विचारलंच नव्हतं. काल रात्री हॉलवर गेले. माझं स्पॅनिश मोडकं, त्या दोघींपैकी धाकटीचं इंग्रजी बरं. तासभर बोललो.

स्टेज नको म्हणाल्या. नावं, फोटो तर अजिबात नको. भीती खरी आहे. त्या मुद्द्यावर माझं चुकत होतं आणि तुमचं बरोबर होतं. पण टाकोच्या शनिवारनेही कुणाचं नुकसान नाही हे मात्र मला पटत नाही. तो केटरर गावाबाहेरचा, ते पैसे यांच्यापर्यंत पोचतच नाहीत.

मग विचारलं, तुम्हाला काय हवंय? मोठी म्हणाली, तमालेसची ऑर्डर द्या आणि पैसे त्याच दिवशी द्या. एवढंच. पूर्वी एका संस्थेने त्यांना दीड महिना थांबवलं होतं. वाहाकाचे तमालेस केळीच्या पानात बांधून वाफवतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून त्याचं पीठ करतात. आपली पानगी मी फोनवर दाखवली तर दोघी हसल्या. त्यात डुकराची चरबी घालतात, तर आपल्यासाठी तेलातले करून देईन म्हणाली, घेवड्याचं सारण घालून. पण चरबीशिवाय चव येत नाही, हेही तिने बजावून सांगितलं.

आणि गेलागेत्सा. हा त्यांचा जुलैतला मोठा उत्सव, झापोतेक शब्द. मला वाटायचं नाचाचं नाव असेल. ती म्हणाली, लग्न किंवा मर्तिक असलं की गावातली माणसं कोंबड्या, मका, मेहनत आणून देतात, कोणी काय दिलं ते वहीत लिहून ठेवतात, आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढंच परत करायचं. मला आजोळची इरजिक आठवली. सगळ्यांचे बैल एका शेतात, मग दुसऱ्याच्या. रात्री मालकाकडे जेवण.

आणखी एक, द्राक्षपंढरींच्या प्रश्नावरून. गोदामातल्या तात्पुरत्या कामगारांसाठी न्यू जर्सीने २०२३ मध्ये कायदा केला, कायम कामगाराइतकं वेतन मिळावं म्हणून. घरकामासाठी २०२४ मध्ये झाला, त्यात लेखी करार आहे, जेवणाची सुट्टी आहे. आपल्यापैकी किती घरांत साफसफाईला बाई येते आणि किती घरांत असा करार आहे? माझ्या घरात नव्हता. आज सकाळी केला.

मूळचा_वर्धेकर

प्रदर्शनाचा हट्ट सोडला. २२ जानेवारीला मराठी शाळेत खानखोज्यांवर एक तास मी ऑनलाइन घ्यायला तयार आहे. चालेल का, काका?

आधी_घरचं

चालेल. आभार.

माझं मूळ मत बदललेलं नाही. मंडळाचा पैसा आधी शाळेला. बँडच्या बिदागीला मी सही केली नसती आणि आता तो प्रश्नच उरला नाही. घरकामाच्या करारासारख्या गोष्टी मंडळाने सभासदांना सांगाव्यात हेही मला पटत नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न.

पण पैसे थांबवण्याचा मुद्दा माझ्या टेबलावरचा आहे. आमच्याकडे बिल आलं की दोन सह्या, मग पुढच्या बैठकीत मंजुरी, मग चेक. महिना सहज जातो. केटररला चालतं, म्हणून कधी विचार केला नाही. पाचशे डॉलरपर्यंतचं बिल त्याच दिवशी चुकतं करायचं, असा बदल या रविवारी मांडतो. टाकोची ऑर्डर अजून दिलेली नाही. फोटोचा कोपरा रद्द.

ताई, तमालेस किती सांगायचे? तेलातले किती, चरबीचे किती, ते वेगवेगळं लिहा. आणि त्यांचा भाव काय, तोही. घासाघीस करायची नाही, एवढं मी कमिटीत बघतो.

रारिटनकाठ

तेलातले दीडशे, चरबीचे चाळीस. भाव आज रात्री विचारून कळवते. आणि काका, नवरात्रापासून रविवारची दुसरी मी घेते.